ही माती कुठली?

परवा आमच्या रूमवर जर्नल मागायला आलेल्या एका फर्स्ट इयरच्या पोराने टेबलावरचा रणगाडा उचलून पाहिला आणि विचारलं, "दादा, एवढा भारी टँक बनवलाय, मग पुसून का ठेवत नाही? किती घाण झालाय!" माझा रूम पार्टनर पोट धरून हसला. कारण ती 'घाण' चढवायला मला जुलै ते नोव्हेंबर असे चांगले पाच महिने लागले होते. त्यातही एकदा सगळी खरवडून परत चढवावी लागली. त्याचीच ही गोष्ट.

मॉडेल आहे सेंच्युरियन रणगाड्याचं, १:३५ मापाचं. खरा सेंच्युरियन सुमारे पन्नास टनांचा, माझा तळहातावर मावतो. मला कुठलाही सेंच्युरियन नको होता, 'फामागुस्ता' हवा होता. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ भागात बसंतर नदीपाशी झालेल्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यातून लढले. त्यांची रेजिमेंट १७ पूना हॉर्स. नावातलं पुणे उगाच नाही, १८१७ साली पेशव्यांशी झालेल्या तहातून हे घोडदळ उभं राहिलं. भूसुरुंगांचा पट्टा पूर्ण साफ व्हायच्या आतच या रेजिमेंटचे रणगाडे पुढे घुसले. खेत्रपालांच्या रणगाड्याला गोळा लागून आग लागली, बाहेर पडायचा हुकूम आला, पण तोफ चालतेय म्हणून ते आतच राहिले आणि तिथेच गेले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. वय वर्षं २१. म्हणजे आपल्या हॉस्टेलवरचा फायनल इयरचा पोरगा! तो रणगाडा पुढे दुरुस्त करून अहिल्यानगरच्या (तेव्हाचं अहमदनगर) आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे.

अहिल्यानगरलाच १९९४ साली सुरू झालेलं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी मुद्दाम एसटीने जाऊन आलो. रणगाडे जवळून पाहायला ती जागा झकास. पण मॉडेल रंगवणाऱ्याची तिथे एक पंचाईत होते. रणगाडे स्वच्छ रंगवलेले असतात. ते लढाईत कसे मळले असतील हे तिथे कळत नाही.

ते कळतं आपल्या कर्जत-खालापुरात. खोटं वाटतं? कुठल्याही साइटवर उभा असलेला पोकलेन बघा. तोही पट्ट्यांवरच चालतो. पट्ट्यांचा जमिनीला घासणारा भाग चांदीसारखा चकाकतो, खोलगट भागात तपकिरी गंज आणि चिखल. रंग उडतो तो सगळीकडे नाही, ऑपरेटर जिथे पाय देऊन चढतो तिथे आणि झाकणांच्या कडांवर. जुन्या हायवेवर खोपोलीला चहा पीत अर्धा तास डंपर बघितले की पावसाचे ओघळ बोल्टखालून कसे उतरतात तेही पाठ होतं. मित्र म्हणायचे हा पोरी बघायचं सोडून डंपर बघतो. असो.

आता मापाचा हिशोब, कारण नवशिक्याची गाडी इथेच घसरते. मॉडेलवर ब्रशने ०.१ मिमी जाड रंग बसला तर खऱ्या रणगाड्यावर तो साडेतीन मिमीचा थर झाला! म्हणून रंग पातळ हवा, दोन-तीन हात द्यायचे. रंग उडाल्याचा ठिपका तीन मिमीचा काढलात तर तो प्रत्यक्षात साडेदहा सेंटीमीटरचा खड्डा होतो. स्पंजचा बारीक तुकडा रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि मगच कडांवर हलकेच टेकवायचा. तसंच मॉडेल आपण एका फुटावरून बघतो, म्हणजे खरा रणगाडा सुमारे साडेदहा मीटरवरून. तेवढ्या अंतरावरून हिरवा रंग जरा फिकाच दिसतो, म्हणून डबीतल्या ऑलिव्ह ग्रीनमध्ये थोडा फिकट पिवळसर रंग मिसळावा.

क्रम असा: आधी ॲक्रिलिकचा हिरवा, तो कडक वाळू द्यायचा, त्यावर चकचकीत व्हार्निश. मग बर्न्ट अंबर ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून सांध्यांत आणि बोल्टभोवती टेकवायचा. गुळगुळीत व्हार्निशवरून तो फटीत आपोआप पळतो, शुद्ध केशाकर्षण. ॲक्रिलिक नीट वाळलेलं असेल तर टर्पेंटाइनने विरघळत नाही, म्हणून वरचं काम बिघडलं तरी पुसता येतं. ओघळांसाठी ऑइल कलरचा टाचणीएवढा ठिपका ठेवून ओलसर ब्रशने सरळ खाली ओढायचा. ऑइल ट्यूब स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या कॅमलच्या चालतात.

आता फजिती नंबर एक. जुलै महिना, बाहेर कर्जतचा पाऊस, आणि मी हॉस्टेलच्या गच्चीच्या जिन्यात स्प्रे कॅनने व्हार्निश मारलं. दहा मिनिटांत रणगाडा राख फासल्यासारखा पांढरा! कारण थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या युनिटमधलंच आहे. थिनर भराभर उडतो, उडताना उष्णता घेतो, पृष्ठभाग दवबिंदूखाली थंड होतो आणि हवेतली वाफ ओल्या थरावर बसते. पावसाळ्यात स्प्रे मारूच नका, ब्रश वापरा. वाळवायला खोक्यात ४० वॉटचा बल्ब लावा, मात्र प्लॅस्टिकपासून वीतभर लांब, आणि तिथेच बसून राहा. मी कोरड्या दिवसाची वाट बघून त्यावर पुन्हा एक हलका हात मारला, तेव्हा पांढरेपणा गेला.

फजिती नंबर दोन मोठी. धूळ बसवण्यासाठी मी माथेरानच्या दस्तुरी नाक्यावरून पिशवीभर लाल माती आणली. नुसती चाळून भागत नाही, ०.१ मिमीचा कण मॉडेलवर साडेतीन मिमीची खडी दिसतो. मग स्टोक्सचा नियम लावला. दहा सेंटीमीटर पाण्यात माती ढवळून पाच मिनिटं थांबायचं. तेवढ्यात सुमारे २० मायक्रॉनपेक्षा जाड कण तळाशी बसतात. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या ग्लासात ओतून रात्रभर ठेवलं की सकाळी तळाला लोण्यासारखी माती मिळते. वाळवा, कुटा, ब्रशने लावा, टर्पेंटाइनच्या थेंबाने बसवा. काय सुंदर दिसत होतं राव! मी खूश.

आमचे रात्रीचे वॉचमन मामा सातारकडचे, फौजेतून रिटायर झालेले. त्यांना कौतुकाने दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावून दोन मिनिटं निरखलं.

"कुठला म्हणालास ह्यो?"

"मामा, बसंतरच्या लढाईतला."

"आरं मग ही लाल माती कुठली? मी सांब्याला व्हतो, बसंतर तिथनंच वाहती. माती फिकी असती तिथली, वाळूची. ह्यो तुझा गाडा माथेरानला लढला व्हय?"

मी काही बोललोच नाही. बोलणार काय? लाल माती आपल्या जांभ्या दगडाची, आणि तिकडचा मुलूख नद्यांनी आणलेल्या गाळाचा. शिवाय डिसेंबर, म्हणजे चिखल नदीपाशी आणि बाकी अंगावर कोरडी धूळ. नियम बरोबर लावला, माती चुकीची घेतली. रात्री टर्पेंटाइन आणि जुना टूथब्रश घेऊन सगळं धुऊन काढलं. मग उल्हास नदीचा बारीक गाळ त्याच पद्धतीने वेगळा केला, त्यात वाण्याकडची मुलतानी माती मिसळली. ओलं असताना रंग गडद दिसतो, म्हणून आधी भंगार प्लॅस्टिकवर वाळवून पाहिलं. पाचव्या मिश्रणाला मामा म्हणाले, "हां, आता जमलं."

एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. टेकफेस्टच्या प्रदर्शनासाठी मित्रांचं म्हणणं, गोळ्याचं भोक पाड, काजळी लाव, कापसाचा धूर काढ, बक्षीस पक्कं. मी काजळी लावायला घेतलीही होती. टरेटच्या झाकणापाशी ब्रश नेला आणि थांबलो. त्या झाकणाखाली माझ्याच वयाचा माणूस बसला होता. तिथली काजळी माझ्या हातून परीक्षकांसाठी लावली जाईना. म्हणून माझा फामागुस्ता पहिला गोळा लागण्याआधीचा आहे: सुरुंगांचा पट्टा ओलांडलेला, पट्ट्यांत ओला गाळ, वर फिकी धूळ, झाकण उघडं. बक्षीस एका ड्रोनला मिळालं. रूम पार्टनरला माझं अजूनही पटलेलं नाही, तो म्हणतो जे घडलं ते दाखवायलाच हवं. तुम्हाला काय वाटतं ते रूमवर येऊन सांगा. फक्त पुसायला फडकं आणू नका!