बिलिंग सॉफ्टवेअर आणि जीएसटीचे गणित: काही गैरसमज

वस्तू व सेवा कर, म्हणजेच जीएसटी, १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्यानंतर किराणा दुकानापासून कारखान्याच्या लेखा विभागापर्यंत बिले मोठ्या प्रमाणावर संगणकावर निघू लागली आणि त्याबरोबर असाही समज पक्का होत गेला की वस्तूच्या नावापुढे कराचा दर एकदा भरून ठेवला की उरते ते केवळ गुणाकाराचे काम. कायद्याची रचना मात्र निराळी आहे. पुरवठ्याचे करपात्र मूल्य किती, त्यावर कोणता कर लागतो आणि कोणत्या दराने लागतो, या तिन्ही गोष्टी त्या त्या व्यवहाराच्या तपशिलावरून ठरतात. सॉफ्टवेअर बहुधा गुणाकारात चुकत नाही. हा तपशील ते विचारतच नाही, तिथे चूक होते.

सर्वांत रूढ गैरसमज नोंदणी क्रमांकाविषयीचा आहे. जीएसटी नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात (महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०), म्हणून विक्रेता आणि ग्राहक यांचे हे अंक सारखे असले तर केंद्रीय कर (सीजीएसटी) व राज्य कर (एसजीएसटी) निम्मा निम्मा आकारायचा आणि वेगळे असले तर एकात्मिक कर (आयजीएसटी) लावायचा, असा सोपा नियम अनेक प्रणालींत बसवलेला आढळतो. प्रत्यक्षात कायदा तुलना करतो ती पुरवठादाराचे ठिकाण आणि ‘पुरवठ्याचे स्थान’ यांची, आणि हे स्थान ग्राहकाच्या नोंदणीच्या राज्यातच असते असे नाही. पुण्यातील कंपनीचा अधिकारी पणजीच्या हॉटेलात उतरला, तर निवासाची सेवा स्थावर मालमत्तेशी निगडित असल्यामुळे पुरवठ्याचे स्थान गोवाच राहते. बिलावर कंपनीचा २७ने सुरू होणारा क्रमांक छापला, तरी हॉटेलने सीजीएसटी आणि गोव्याचा एसजीएसटीच आकारला पाहिजे. याच्या उलट, सोलापूरच्या उत्पादकाने पुण्यातील व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून चादरींचे गठ्ठे थेट म्हापशाला रवाना केले, तर माल राज्याबाहेर जात असूनही सोलापूर-पुणे या व्यवहारात पुरवठ्याचे स्थान महाराष्ट्रच मानले जाते, कारण माल ज्याच्या आदेशावरून गेला त्या व्यापाऱ्याचे मुख्य व्यवसायस्थान येथे आहे. आयजीएसटी लागतो तो पुण्याच्या व्यापाऱ्याने म्हापशाच्या गिऱ्हाइकावर फाडलेल्या दुसऱ्या बिलात. नोंदणी नसलेल्या ग्राहकाला वस्तू विकताना तर १ ऑक्टोबर २०२३पासून बिलात नोंदवलेला पत्ताच निर्णायक ठरतो आणि नुसते राज्याचे नाव लिहिले तरी पत्ता नोंदवला असे समजले जाते. त्यामुळे कोल्हापूरच्या काउंटरवर बेळगावच्या गिऱ्हाइकाचा पत्ता टंकलेखकाने लिहिला की सोडला, यावर कराचा प्रकार बदलतो.

दुसरा गैरसमज करासहित किमतीचा आहे. ११८० रुपयांच्या करासहित किमतीतून १८ टक्के कर वेगळा काढायचा असेल, तर ११८०चे १८ टक्के म्हणजे २१२ रुपये ४० पैसे नव्हेत, तर रकमेला १८ने गुणून ११८ने भागल्यावर येणारे १८० रुपये हाच कर होय. नियम ३५मध्ये हे सूत्र स्पष्ट दिलेले आहे. एवढी दुरुस्ती बहुतेक प्रणाली करतात. खरी अडचण उद्भवते ती दरच किमतीवर अवलंबून असलेल्या वस्तूंत. २२ सप्टेंबर २०२५पासून तयार कपड्यांवर प्रति नग विक्रीमूल्य २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के दर आहे. हे मूल्य सूट वजा केल्यानंतरचे, करविरहित मूल्य असते. म्हणून करविरहित २७०० रुपयांच्या सदऱ्यावर बिलातच १० टक्के सूट दाखवली, तर मूल्य २४३० होते आणि दर ५ टक्क्यांवर उतरतो. आधी दर ठरवून मागाहून सूट वजा करणारे सॉफ्टवेअर येथे ग्राहकाकडून जास्तीचा कर वसूल करते.

करासहित किंमत धरली की हाच प्रश्न आणखी गुंततो. चिठ्ठीवर २८०० रुपये लिहिले असतील, तर ५ टक्के दर गृहीत धरल्यास मूळ मूल्य सुमारे २६६६ रुपये ६७ पैसे निघते, जे मर्यादेच्या वर असल्याने ५ टक्के लागू होत नाही. १८ टक्के गृहीत धरल्यास मूल्य सुमारे २३७२ रुपये ८८ पैसे येते, जे मर्यादेच्या आत असल्याने १८ टक्केही लागू होत नाही. २६२५ रुपयांहून अधिक आणि २९५० रुपयांपर्यंतच्या कोणत्याही करासहित किमतीला नियमाशी जुळणारे उत्तरच नाही. मर्यादा हजार रुपयांची आणि दर ५ व १२ टक्के होते, तेव्हाही १०५० ते ११२०च्या दरम्यान हीच पोकळी होती. अशा वेळी मुकाट्याने कोणता तरी एक दर निवडणाऱ्या प्रणालीपेक्षा किंमत नाकारून करविरहित मूल्य मागणारी प्रणाली अधिक विश्वासार्ह म्हणावी लागते, मग काउंटरवरील माणूस कितीही वैतागो.

वस्तूंच्या वर्गीकरणाचा एचएसएन क्रमांक भरला की दर आपोआप कळतो, ही समजूतही याच जातीची आहे. तांदळाचा क्रमांक एकच, पण सुटा विकला तर कर नाही आणि २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पिशवीत विकला तर ५ टक्के.

पूर्णांकनाबाबतचा गोंधळ पैशांचा असला तरी ताळेबंद जुळवताना तो त्रासदायक ठरतो. ३३ रुपये ३० पैशांवर ५ टक्के कर एकत्र काढला, तर १ रुपया ६७ पैसे येतो आणि त्याचे दोन समान भाग होत नाहीत; वस्तुतः सीजीएसटी आणि एसजीएसटी हे दोन स्वतंत्र कायद्यांखालील कर असल्यामुळे प्रत्येकी अडीच टक्क्यांनी वेगवेगळे काढायचे असतात आणि मग प्रत्येकी ८३ पैसे, एकूण १ रुपया ६६ पैसे होतात. केंद्रीय कायद्याचे कलम १७० देय रक्कम जवळच्या रुपयापर्यंत आणण्यास सांगते, पण बिलातील प्रत्येक ओळीवरचा कर रुपयात बसवावा असे त्यात म्हटलेले नाही. शिवाय संगणक साध्या दशांश संख्या द्विमान पद्धतीने साठवतो आणि १.००५ ही संख्या त्याच्याकडे किंचित कमी म्हणून उतरते, त्यामुळे ती १.०१ऐवजी १.०० होते; म्हणून रकमा पैशांच्या पूर्णांकात किंवा दशांश प्रकारात ठेवणे आवश्यक असते.

राहिला तारखेचा प्रश्न. दर बदलला की जुना दर पुसून नवा लिहिणे पुरेसे आहे, असे मानले जाते. परंतु कलम १४नुसार पुरवठा, बिल आणि रक्कम मिळणे या तीन घटनांपैकी ज्या बाजूला दोन पडतात, त्या बाजूचा दर लागतो. माल बदलाआधी दिला, पण बिल आणि पैसे दोन्ही नंतरचे, तर दर नवा. बिलही आधीचे असेल, तर दर जुना. तुपावरील दर २२ सप्टेंबर २०२५ रोजी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तरी त्याआधी १२ टक्क्यांनी विकलेला डबा नंतर परत आला, तर क्रेडिट नोट १२ टक्क्यांचीच निघते, आणि जुना दर पुसून टाकलेल्या सॉफ्टवेअरला ती काढता येत नाही.