नावाची शिवी कशी झाली?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात एक छोटेसे प्रहसन झाले. त्यात एका मुलाने तोंडाला काजळ फासून आणि फाटके लुगडे नेसून, दारू पिऊन झिंगणाऱ्या कातकरणीचे काम केले होते. सभागृह हसून हसून लोटपोट झाले. तिसऱ्या रांगेत मीही होते, आणि खरे सांगायचे तर मीही हसले. हसले नसते तर शेजारच्या मैत्रिणीने विचारले असते, "का गं, काय झालं?" मग तिला सांगावे लागले असते की मी कातकरी आहे. वर्षभर एका बाकावर बसूनही तिला ते ठाऊक नव्हते, आणि मी ते ठाऊक होऊ दिले नव्हते.

हा लेख त्या प्रहसनाची तक्रार नाही. त्यात काम करणारी मुले मनाने वाईट नाहीत. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्यापैकी एकाने मला आपल्या वह्या दिल्या होत्या. प्रश्न निराळाच आहे. ज्या शब्दाने एका जमातीची ओळख सांगायची, तो शब्द उच्चारताच लोकांना हसू का यावे? 'कातकरी' ही शिवी कधीपासून झाली? याचा शोध घेताना मला जे सापडले ते मित्रमैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवते.

'कातकरी' किंवा 'काथोडी' हे नाव कातावरून पडले. पानाला चुन्याबरोबर लागतो तो कात. खैराचे झाड तोडायचे, त्याच्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या काढायच्या, मडक्यात पाणी घालून त्या उकळायच्या, तो अर्क आटवायचा, थंड झाला की त्याच्या वड्या पाडायच्या. सुतारकाम करणारा सुतार आणि कुंभारकाम करणारा कुंभार, तसा कात करणारा कातकरी. आमच्या आधीच्या पिढ्यांच्या हाती एक कसब होते आणि त्या कसबाचे हे नाव होते. त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नव्हते.

मग इंग्रज सरकारने १८७८ साली वनांचा कायदा केला. जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पडले. ज्या खैरावर धंदा चाले तो सरकारी मालमत्ता झाला. काल जो धंदा होता तो आज गुन्हा ठरला. डोंगरउतारावर राब जाळून नाचणी-वरी पिकवण्याची आमची आणि ठाकरांची रीत होती. तिच्यासाठी कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, जंगलाचे काही तुकडे देण्यात आले. त्यांना दळी म्हणतात. पण दळी म्हणजे मालकी नव्हे. जमीन सरकारची, राबणारे आम्ही, आणि मर्जी अधिकाऱ्याची.

कसब गेले आणि जमीन मिळाली नाही, तेव्हा माणसाने करावे काय? लोक कोळशाच्या भट्टीवर गेले, वीटभट्टीवर गेले. आजही आमच्याकडे दिवाळीनंतर वाडी ओस पडते. मालकाकडून उचल घ्यायची आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ती फेडत राहायचे. पोरांची शाळा तिथेच सुटते. माझी सुटली नाही याचे कारण एवढेच, की आजी वाडीवर थांबली आणि तिने मला ठेवून घेतले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच.

तेव्हा शब्द तोच राहिला, पण त्याच्यामागची माणसे बेघर, बेजमीन आणि कर्जबाजारी झाली. जे हाल कायद्याने आणि सावकारीने केले, त्यांना लोक आमचा स्वभाव समजू लागले. नावाची शिवी झाली ती अशी.

पुस्तकांतून शोधताना मला एक जुना वाद सापडला. आदिवासींचे करायचे काय, हा त्याचा विषय. व्हेरियर एल्विन या इंग्रज अभ्यासकाने १९३९ साली बैगा जमातीवरील ग्रंथात असे सुचवले, की या लोकांसाठी राष्ट्रीय उद्यानासारखा राखीव प्रदेश असावा आणि तिथे त्यांना त्यांच्या रीतीने जगू द्यावे. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली याविरुद्ध पुस्तक लिहिले. त्यांच्या मते आदिवासी हे मागासलेले हिंदूच असून त्यांना वेगळे ठेवण्यापेक्षा समाजात मिसळून घेणे योग्य होय.

दोघेही विद्वान, दोघांचाही हेतू चांगला. परंतु आम्हाला राखून ठेवावे की मिसळून टाकावे, हे दोन्हीकडून दुसरेच ठरवत होते. संविधान सभेत जयपालसिंग मुंडा यांनी हे चित्र बदलण्याचा प्रयत्न केला. आपल्या लोकांना 'आदिवासी' हेच नाव असावे असा त्यांचा आग्रह होता. १९ डिसेंबर १९४६ च्या भाषणात त्यांनी या सभेत पुरुष फार झाले आणि स्त्रिया हव्यात, असेही सांगितले. नाव काय असावे आणि बोलणाऱ्यांत बाया किती असाव्यात, हे दोन्ही प्रश्न त्यांनी मांडले होते. आज पाऊणशे वर्षांनंतरही ते सुटलेले नाहीत.

राखीव प्रदेशाची कल्पना पुढे निराळ्या रूपात आली. १९३५ च्या कायद्याने काही भाग 'अंशतः वगळलेले' ठरवले होते. त्यात ठाणे जिल्ह्यातील डहाणू, मोखाडा हे भाग होते, पण कुलाबा जिल्हा नव्हता. स्वातंत्र्यानंतर पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रे ठरली, त्यांतही आपला जिल्हा आला नाही. म्हणून ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा कर्जत-खालापूरला लागू नाही. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. पण आमच्या कितीतरी वाड्या आजही खाजगी मालकांच्या जमिनीवर उभ्या आहेत. घर आमचे आणि घराखालची जमीन दुसऱ्याची! फार्महाऊससाठी जमिनीचे भाव चढले की अशा वाडीच्या पोटात गोळा येतो.

आमच्या हाती आहे तो २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत आला आहे, त्याला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. जंगलातील जुने पट्टे आणि भाडेपट्टे मालकीत बदलून मिळण्याची तरतूदही त्यात आहे. ही जमीन विकता येत नाही, पण वारसांना मिळते.

या कायद्याविषयी लोकलमध्ये आणि चहाच्या टपरीवर मी अनेक मते ऐकते. "जंगल यांनीच संपवलं, आणि बक्षीसही यांनाच!" या मताला मी उडवून लावणार नाही. जंगल राहिले पाहिजे हे आमच्याइतके कोणाला कळणार? सर्वोच्च न्यायालयानेही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, दावे फेटाळलेल्या लोकांना वनजमिनीवरून काढण्याचा आदेश दिला होता आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला तो स्थगित केला. म्हणजे प्रश्न सोपा नाही. पण खैराची मालकी गेल्या दीडशे वर्षांत आमच्याकडे नव्हती, ही गोष्ट बोलणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथली वस्ती ठाकर समाजाची. सत्तावीस मृतदेह सापडले आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली. दुसऱ्याच दिवशी गाडीत एक सद्गृहस्थ म्हणाले, "मरायला एवढ्या वर राहतात कशाला?" मी गप्प बसले. आज विचारीन, "काका, खालची सपाट जमीन कोणाच्या नावावर होती?"

आता बायांविषयी. वनहक्क कायद्याप्रमाणे विवाहित दावेदाराचा हक्क पती आणि पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. वनहक्क समितीत निदान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. हे मोठेच पाऊल आहे, कारण १९५६ चा हिंदू वारसा कायदा केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाही. इतर मुलींना त्याने मिळणारा वाटा आमच्या मुलींना आपोआप मिळत नाही. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगढमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. पण निकाल दिल्लीत लागतो, भांडण वाडीवर होते.

आमच्या वाडीवर दळीच्या दाव्याची बैठक झाली तेव्हा माझे चुलते म्हणाले, "बाईचं नाव कशाला? उद्या घर सोडून गेली तर?" आई सहसा बैठकीत बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "राब मी पसरते, नाचणी मी लावते, निंदते मी. मग कागदावर मी का नको?" कोणी हसले नाही. अर्जावर दोघांची नावे लागली. अर्जाचा निकाल अजून यायचा आहे. बाहेरच्यांनी आमच्या बायांना प्रहसनात नेसवले आणि आतल्यांनी कागदातून वगळले, तर दोष फक्त बाहेरच्यांना देऊन कसे चालेल?

शेवटी, बोलण्याविषयी. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, आदिवासी वा दलित व्यक्तीला लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. त्यांच्यातील स्त्रीला उद्देशून अश्लील शब्द वा हावभाव करणे यालाही त्यात शिक्षा आहे. चार भिंतींच्या आत, कोणी साक्षीदार नसताना झालेले बोलणे त्यात बसत नाही, असे २०२० साली न्यायालयाने म्हटले. "या कायद्याचा गैरवापर होतो" हे मत तुम्ही ऐकले असेल. कऱ्हाडच्या एका फार्मसी महाविद्यालयातील प्रकरणावरून २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेवर बंधने घातली. देशभर असंतोष उसळला, संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला, आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली.

कायदा असलाच पाहिजे, कारण वाडीवरच्या बाईला दुसरा आधार नाही. पण आपल्या स्नेहसंमेलनासाठी मला पोलीस नकोत. काही मित्र म्हणतात, "मग विनोद करायचाच नाही का?" अवश्य करावा. उचल देणाऱ्या मुकादमावर करावा, दारूच्या गुत्तेवाल्यावर करावा, आमच्या चुलत्यांवरही करावा! फक्त ज्याच्याविषयी हसायचे तो माणूस सभागृहात बसला असेल, हे धरून चालावे. आता तो बसलेला असतो.

हा लेख देण्यापूर्वी मी मैत्रिणीला खरे सांगितले. खोपोलीच्या गाडीत, पळसदरी गेल्यावर. ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "कात म्हणजे पानातला कात?" मी म्हटले, "हो, तोच." तिने तो कसा करतात ते विचारले. मला जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले, बाकीचे आजीला विचारायला येत्या रविवारी ती आमच्या वाडीवर येणार आहे. पुढच्या वर्षी ज्यांना कातकरणीचे काम करायचे असेल, त्यांनीही यावे. आजी सगळ्यांना सांगेल.