तागडी आणि फळा

भाजीच्या गाडीवर बसलेल्या दहाबारा वर्षांच्या पोराने हिशेबात चुकून गिऱ्हाइकास जास्त पैसे परत दिले, असा अनुभव आमच्या व्यापारी वाचकांपैकी कितीकांस आला असेल? बहुधा कोणासच नाही. तोच पोरगा शाळेत मात्र गणितात कच्चा ठरून मागच्या बाकावर बसतो. ह्या दोन्ही गोष्टी आपण नित्य पाहतो. त्यांची सांगड घालून त्यांचा अर्थ काय, हे मात्र आपण कधी विचारले नाही. विद्यापीठांतील संशोधकांनी ते आता विचारले आहे, आणि त्यांस मिळालेले उत्तर आपणां सर्वांस विचार करावयास लावणारे आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' ह्या शास्त्रीय नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की प्रभृति विद्वानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणारी १,४३६ मुले आणि ४७१ शाळकरी मुले ह्यांची त्यांनी परीक्षा घेतली. परीक्षक गिऱ्हाईक होऊन गेले आणि मुद्दाम आडमापाची खरेदी केली. वीस रुपये किलोचे बटाटे ८०० ग्रॅम, पंधरा रुपये किलोचे कांदे १ किलो ४०० ग्रॅम, आणि हाती दोनशेची नोट! झाले सदतीस रुपये, परत एकशे त्रेसष्ट. कोलकात्याच्या मुलांपैकी बहुतेक सर्वांनी, फार तर दुसऱ्या खेपेस, असे हिशेब तोंडी बरोबर केले. पुढे त्याच मुलांच्या हाती कागद देऊन तीन अंकी संख्येस एका अंकाने भागावयास सांगितले, तेव्हा ते शेकडा बत्तीस मुलांसच साधले. शाळकरी मुलांची गोष्ट उलट! कागदावर ती सरस ठरली, पण बाजारी हिशेबात अडखळली.

म्हणजे उणीव बुद्धीची नव्हे. एकीकडे व्यवहार आहे पण त्यास शास्त्राचे रूप नाही. दुसरीकडे शास्त्र आहे पण त्यास व्यवहाराचा स्पर्श नाही. आमच्या जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकून घेत, तेव्हा निदान दुकान आणि पाटी ह्यांत इतके अंतर नव्हते. पण त्या शाळांची दारे मुलींस आणि अस्पृश्य गणलेल्या समाजांस बंद होती, हे विसरून त्यांचे गोडवे गाण्यास आम्ही तयार नाही.

कोणी म्हणेल, "बाजार हीच खरी शाळा; मग पोरे दुकानी राबली तर बिघडले काय?" ह्या युक्तिवादापासून आमच्या व्यापारी बंधूंस सावध करणे आम्हांस अवश्य वाटते. एक तर तो कायद्यास सोडून आहे. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. तत्संबंधी कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास कामास ठेवणे निषिद्ध झाले, शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्यात मदत करण्याचा अपवाद ठेवून. गणिताचे अध्यापक असलेल्या गोपाळराव गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे बिल १९११ साली मांडले होते. ते नापास झाले. शंभर वर्षांनी हाती आलेला हा हक्क स्वस्त नोकराच्या मोहाने आपणच बुडवावा काय? दुसरे असे की, ज्यास भागाकार कागदावर उतरविता येत नाही, त्याची हुशारी त्या गाडीपाशीच संपते. तो दुकानाचा मालक होत नाही, व्याजाच्या कागदावर काय लिहिले आहे हेही त्यास कळत नाही.

आता असे निष्कर्ष काढण्याची पद्धती कोठून आली, हेही पाहण्याजोगे आहे. तिचे मूळ गणितात आणि शेतात आहे. जमिनीचा कस जागोजाग निराळा, म्हणून दोन वाणांची तुलना करताना नांगरल्या शेताचे चौरस तुकडे पाडून प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात एकेकदाच येईल असे पेरतात. ही रीत रोनाल्ड फिशर ह्यांनी इंग्लंडातील रॉथमस्टेड येथे शास्त्रशुद्ध केली. असे दोन चौरस एकमेकांवर बसविण्याचा प्रश्न ऑयलर ह्या थोर गणितज्ञाने १७८२ साली मांडला, आणि सहा, दहा, चौदा अशा ओळींच्या चौरसांत ते अशक्य आहे असा तर्क केला. सहापुरता तो खरा ठरला. पुढचा सर्व तर्क १९५९ साली राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे व अर्नेस्ट पार्कर ह्यांनी खोटा पाडला. हेच श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले.

शेतातील तुलनेची हीच दृष्टी पुढे शाळेत आली. मुंबई व बडोदे येथे मागे पडलेल्या मुलांस वस्तीतल्याच तरुणींकडून रोज दोन तास शिकविले, कोणत्या शाळांस ही मदत प्रथम मिळावी हे चिठ्ठ्यांच्या न्यायाने ठरविले, आणि मुलांची प्रगती झाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले.

वनस्पतिशास्त्रातही परीक्षेचा प्रसंग आज आलाच आहे. ४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांतील 'कमला' हा संबा महसुरीपासून काढलेला वाण शेकडा एकोणीस अधिक उत्पन्न देतो, असे सरकार सांगते; चाचण्यांच्या आकड्यांवर काही संघटनांनी आक्षेप घेतले आहेत. ह्यात घोषणेवर विश्वास ठेवू नये आणि आरोपावरही ठेवू नये. शेताच्या तुकड्यांचे सर्व आकडे उघड करून साक्षीदाराप्रमाणे त्यांची उलटतपासणी व्हावी. बियाणे विकणाऱ्या व्यापाऱ्याने तरी त्याखेरीज ग्राहकास शब्द देऊ नये.

तात्पर्य, गणित, शिक्षण व शेती ही तीन दालने नसून एकच घर आहे. शिक्षकांनी तागडी वर्गात आणावी, विद्यापीठांनी आपले निष्कर्ष मराठीत सांगावेत, आणि व्यापाऱ्यांनी आपल्या दुकानी येणाऱ्या प्रत्येक मुलास एकच प्रश्न विचारावा, "आज शाळेत का गेला नाहीस?" त्याचे उत्तर ऐकून जे करणे शक्य असेल ते करावे. त्या मुलाने आपला हिशेब कधी चुकविला नाही. आपण त्याचा चुकवू नये.