घर घेताना कोणता भाग टाळावा?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. पुण्यासारख्या शहरात आता सामान्य माणूस घर बांधत नाही, बांधलेले विकत घेतो. गेल्या वर्षी आमच्याकडे तो योग आला. बाबा एस. टी.तून निवृत्त झाले, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली आणि नारायण पेठेतील दोन खोल्यांचे भाड्याचे बिऱ्हाड सोडून स्वतःच्या घरात जायचे ठरले. मी भूगोलाची विद्यार्थिनी. "तुला नकाशे कळतात ना, मग चल बरोबर," असे म्हणून बाबा दर रविवारी मला सोबत नेऊ लागले. त्या सहा-सात महिन्यांत जे शिकले, ते इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

शोधाची सुरुवात आत्याच्या यादीने झाली. पुण्यातील 'टाळायचे भाग' तिने एका कागदावर लिहून दिले. एकूण सात नावे होती. कारण विचारले तर प्रत्येक नावापुढे एकच उत्तर, "तिथे आपल्यासारखी माणसं नाहीत गं." त्या सातांत दांडेकर पुलाजवळची वस्तीही होती. माझी एक वर्गमैत्रीण तिथेच राहते. मी ती यादी वहीत घडी घालून ठेवली. मैत्रिणीला दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही.

आत्याच्या मते उत्तम भाग म्हणजे सिंहगड रस्ता. तिथे नदीच्या बाजूला एक सदनिका आम्हांला आवडली. इमारत चार वर्षांची, भिंती नव्याने रंगवलेल्या, आणि किंमत आसपासच्या मानाने कमी. बाबांनी ५१ हजार रुपये इसार देऊन टाकला. ही गोष्ट मी कौतुकाने मैत्रिणीला सांगितली, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "नदीच्या बाजूला? एकदा आमच्याकडे ये, मग ठरवा."

तिच्या घरातल्या भिंतीवर दोन पुसट रेघा होत्या. एक २७ सप्टेंबर २०१८ ची. त्या दिवशी मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटून पाणी वस्तीत शिरले होते. दुसरी २५ सप्टेंबर २०१९ ची. त्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. तिची आई म्हणाली, "घर बघायला गेलात की रंग बघू नका बाई. भिंतीचा खालचा कंबरेएवढा भाग बघा. आणि विजेचे मीटर कुठे लावलेत ते बघा." पुढच्या रविवारी आम्ही सिंहगड रस्त्यावर जाऊन पाहिले. वाहनतळातील मीटरची पेटी माझ्या डोक्याच्याही वर होती. रखवालदाराने सहज सांगितले, "पाणी आलं होतं ना, मग वर घेतली."

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ही आठवण पुण्यातील वडीलधाऱ्या मंडळींना अजून आहे. पण पुरासाठी धरण फुटावेच लागते असे नाही. २५ जुलै २०२४ रोजी जोराच्या पावसात खडकवासल्यातून पाणी सोडावे लागले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतील सोसायट्यांत ते शिरले. २०१९ च्या आंबील ओढ्याच्या पुराने तर वस्ती आणि सोसायटी असा भेद केलाच नाही. ओढा कात्रजकडून येतो, सहकारनगर-अरण्येश्वराच्या बाजूने दांडेकर पुलाकडे जातो आणि मुठेला मिळतो. त्याच्या वाटेत जे जे आले, ते ते भिजले.

म्हणून पहिली पारख पाण्याची. नदीकाठी पाटबंधारे खात्याच्या दोन पूररेषा असतात. २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई असते. निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींवर परवानगी मिळते. '२५ वर्षांतून एकदा' याचा अर्थ पुष्कळ लोक असा घेतात, की एकदा येऊन गेला की २५ वर्षे निश्चिंती. वास्तविक त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार एवढी शक्यता. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक भरते. लाल रेषेच्या पुराचीसुद्धा ती शंभरात सुमारे अठरा आहे. हा हिशेब मी बाबांना वहीवर करून दाखवला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

लहान ओढ्यांसाठी जुना गाव नकाशा पाहावा. भूमी अभिलेख कार्यालयात तो मिळतो आणि आज रस्त्याखाली गेलेले ओढेही त्यावर दिसतात. जागांची नावेही बोलकी असतात. सारसबागेतल्या गणपतीला लोक 'तळ्यातला गणपती' म्हणतात, कारण तिथे पेशवाईत खरोखरच तळे होते.

दुसरी पारखही पाण्याचीच, पण पिण्याच्या. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. गाव शहरात आले म्हणून नळ लगेच येतो असे नाही. सोसायटीच्या दारात उन्हाळ्यात रोज किती टँकर येतात आणि त्यांचा खर्च महिन्याला घरटी किती पडतो, हे तिथल्या रहिवाशांनाच विचारावे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जी. बी. एस. या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवले गेले.

तिसरी पारख कागदांची. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिगरशेतीचा आदेश, मंजूर नकाशा आणि बांधकाम परवाना हे कागद पाहावेतच; पण सर्वांत महत्त्वाचे भोगवटा पत्र. इमारत मंजुरीप्रमाणे पुरी झाली, आता राहायला हरकत नाही, असे महापालिका त्यात सांगते. नव्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासावा, नुसत्या जाहिरातीवर विसंबू नये. शहराच्या कडेला गुंठा-गुंठा पाडून विकलेल्या जमिनीवर घरे उभी राहतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तिथे स्वस्ताई पाहून भुलू नये. ते बांधकाम नियमित झाले आहे की नाही, ते आधी पाहावे.

आमच्या त्या सदनिकेला भोगवटा पत्र नव्हतेच. "येईल हो, अर्ज केलाय," हे उत्तर आम्ही तीनदा ऐकले आणि व्यवहार मोडला. इसारापैकी निम्मी रक्कम परत मिळाली. उरलेली गेली ती धाकट्या बहिणीच्या प्रवेशासाठी काढून ठेवलेल्या पैशांतली होती. बाबा ती गोष्ट काढत नाहीत, पण अजूनही कुठे सही करण्यापूर्वी माझ्याकडे पाहतात.

शेवटी आम्ही घर घेतले ते आत्याच्या यादीतल्या चौथ्या नावाच्या भागात. इमारत बावीस वर्षांची, जागा उंचावर, महापालिकेचे नळाचे पाणी आणि कागद सगळे जागच्या जागी. घेण्यापूर्वी एकदा सकाळी, एकदा रात्री आणि एकदा भर पावसात जाऊन आलो. शेजारी कोण आहेत, याची चौकशी बाबांनी केली. मात्र प्रश्न बदलला होता. 'माणसं कशी आहेत?' ऐवजी ते विचारत, "पावसात पाणी कुठवर येतं हो?" या प्रश्नाला इस्त्रीवाला, दूधवाला, रिक्षावाला सगळे खरे उत्तर देतात, त्यांना घर विकायचे नसते.

वास्तुशांतीला आत्या आली. मैत्रीणही आईला घेऊन आली होती. तिच्या आईने आल्या आल्या आधी मीटरची पेटी पाहिली आणि मान डोलावली. आत्याने मला हळूच विचारले, "या कोण गं?" मी म्हटले, "आत्या, हे घर आम्हांला यांच्यामुळे मिळालं." वहीतली ती यादी त्या रात्री मी मैत्रिणीला दाखवली. तिने दांडेकर पुलाचे नाव वाचले आणि म्हणाली, "बरोबर आहे, टाळायलाच हवा. पण कारण चुकीचं लिहिलंय."