तिकीट मोबाइलमध्ये नसतेच

मुंबईच्या एसी लोकलमध्ये संगणकावर तयार केलेले बनावट पास पकडले गेले आणि मोबाइलवरचे तिकीट कितपत भरवशाचे, अशी चर्चा सुरू झाली. नक्कल झाली ती पडद्यावरच्या चित्राची. ई-तिकीट ही वाहतूक संस्थेच्या सर्व्हरवरची नोंद असते. प्रवाशाच्या हातातला बारकोड किंवा क्यूआर हा त्या नोंदीचा पत्ता. तपासणारा त्या पत्त्यावर जाऊन नोंद पाहतो की पडद्यावर नजर टाकून पुढे सरकतो, यावर सगळा भरवसा अवलंबून आहे.

विमान कंपन्यांनी हा प्रश्न बराच आधी सोडवला. कार्बनच्या कूपनांची कागदी पुस्तिका म्हणजे जवळजवळ रोकडच होती. हरवली तर प्रवाशाला हेलपाटे आणि कोऱ्या पुस्तिका सांभाळण्याची एजंटाला धास्ती. ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने १ जून २००८ पासून आपल्या व्यवस्थेतून कागदी तिकीट हद्दपार केले. कागदी तिकिटामागे सुमारे १० डॉलर खर्च होतो आणि ई-तिकिटामागे एक, असा तिचा हिशेब होता.

प्रवासी ज्याला तिकीट क्रमांक समजतात तो सहा अक्षर-आकड्यांचा पीएनआर ही फक्त आरक्षणाची खूण आहे. खरा तिकीट क्रमांक १३ आकडी असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८. या क्रमांकाखाली प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याचे एक कूपन असते. मुंबई-दिल्ली-लंडन प्रवासाची दोन कूपने होतात. चेक-इन झाले, प्रवासी विमानात बसला, उड्डाण झाले, अशी प्रत्येक पायरीवर कूपनची स्थिती बदलते. दुसरा टप्पा वेगळ्या कंपनीचा असेल तर त्या कूपनचा ताबा तिच्याकडे जातो आणि प्रवासानंतर अंतिम नोंद मूळ कंपनीकडे परत येते. एकदा वापरलेले कूपन पुन्हा चालत नाही. कंपन्यांमधली भाड्याची वाटणीही याच नोंदींवरून होते.

बोर्डिंग पासच्या बारकोडमध्ये नाव, पीएनआर, उड्डाण क्रमांक, वर्षातला कितवा दिवस, आसन आणि चेक-इनचा क्रम एवढी माहिती असते. त्याची हुबेहूब नक्कल केली तरी उपयोग नाही, कारण एका नोंदीवर एकच प्रवासी आत जातो आणि दुसऱ्या स्कॅनला यंत्र अडवते. धोका असतो तो माहिती फुटण्याचा. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी २०२० मध्ये आपल्या बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. त्यावरच्या आरक्षण क्रमांकावरून एका तरुणाने कंपनीच्या संकेतस्थळावर प्रवेश मिळवला आणि त्यांचा पासपोर्ट क्रमांक व फोन नंबर शोधून काढला.

मेट्रोची अडचण वेगळी असते. गर्दीच्या वेळी फाटकाला क्षणात निर्णय द्यावा लागतो. म्हणून क्यूआर तिकिटात ते अस्सल असल्याची सांकेतिक खूण गुंफलेली असते आणि फाटक ती जागच्या जागी पडताळू शकते. २०१९ मध्ये सुरू झालेले नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड याहून पुढे जाते. त्याच्या चिपमध्ये शिल्लक रक्कम साठवलेली असते, त्यामुळे नेटवर्क नसतानाही भाडे कापले जाते. लंडनने तिसरी वाट धरली. २०१२ मध्ये बसला आणि २०१४ मध्ये भुयारी रेल्वेला साधे बँक कार्ड टेकवून प्रवास सुरू झाला. तिथे कार्ड फक्त प्रवाशाची ओळख पटवते. दिवसभराच्या प्रवासाचा हिशेब मागाहून होतो आणि ठरलेल्या कमाल रकमेपेक्षा जास्त भाडे घेतले जात नाही.

मुंबईच्या लोकलला मात्र फाटकच नाही. तिकीट असो वा नसो, फलाटावर कोणीही जाऊ शकतो, म्हणून सगळी भिस्त टीसीवर. मोबाइल तिकीट सुरू करताना रेल्वेला धास्ती होती ती टीसी दिसल्यावर तिकीट काढणाऱ्यांची. त्यामुळे जीपीएसच्या आधारे स्थानकाच्या आत आणि रुळांजवळ तिकीट काढण्यावर बंदी आली. मग सोय म्हणून स्थानकांवर क्यूआरचे फलक लावले गेले. त्या फलकांचे फोटो जवळ ठेवून धावत्या गाडीत तिकीट काढण्याची युक्ती प्रवाशांनी लगेच शोधली. नियम आणि पळवाट यांची ही शर्यत फाटक नसलेल्या व्यवस्थेत अटळ आहे.

बनावट पास त्याच फटीतून आला. पडद्यावरचा रंग, तारीख आणि नाव पाहून तपासणी होत असेल, तर चित्र काढणारे कोणतेही साधन रेल्वेला चकवू शकते. यावर छापील प्रत मागणे हा उपाय नव्हे, कारण बनावट चित्रही प्रिंटरवर तितकेच सुबक छापले जाते. शिवाय तिकीट छापण्याचा, मोबाइलचा आणि डेटाचा खर्च व्यवस्थेने आधीच प्रवाशाच्या माथी टाकला आहे. तिकीट खरे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच्यावर ढकलणे अन्यायाचे आहे.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘मुंबई वन’ ॲपने मेट्रो, लोकल आणि बस अशा ११ सेवांची तिकिटे एका जागी आणली. तिकीट विकण्याचा भाग सुटत आला आहे. तपासणीचा मागे राहिला आहे. प्रत्येक टीसीच्या हाती सर्व्हरशी जोडलेले यंत्र द्यावे आणि प्रत्येक मोबाइल तिकीट स्कॅन करूनच ग्राह्य धरावे. विमानतळावर हे रोज घडते. ज्या लोकलमधून त्याहून कितीतरी जास्त माणसे रोज प्रवास करतात, तिथेही ते घडायला हवे.