लैंगिक आरोग्य आणि आहार : मराठवाड्याच्या ताटातील पोषकद्रव्यांचा विचार

प्रस्तावना : र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू करून लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय चर्चा मराठीत रुजविली. तरीही हा विषय संकोचाने झाकला जातो आणि त्या संकोचावरच 'शक्तिवर्धक' औषधांचा बाजार पोसला जातो. मुरुड (ता. लातूर) सारख्या ग्रामीण परिसरातील नित्याच्या आहारातून लैंगिक आरोग्यास कोणता आधार मिळू शकतो, याचा येथे विचार केला आहे.

जस्त : भारतात जन्मलेले वैद्यक संशोधक आनंद प्रसाद यांनी १९६१ मध्ये इराणमधील शिराझ येथील, वाढ खुंटलेल्या व लैंगिक विकास न झालेल्या तरुणांची नोंद केली. पुढे इजिप्तमधील अभ्यासात अशा तरुणांत जस्ताची उणीव आढळली; जस्त दिल्यावर त्यांचा विकास सुरू झाला. त्यांचा आहार मुख्यतः रोटीचा होता आणि धान्यातील फायटेट जस्ताचे शोषण रोखते. ज्वारीतही फायटेट असते. मात्र धान्य-कडधान्य भिजविल्याने, मोड आणल्याने वा आंबविल्याने ते घटते. मोडाची मटकी व आंबील यांचे महत्त्व यातून स्पष्ट होते. तीळ, हरभरा, अंडी व मांस यांतूनही जस्त मिळते.

रक्ताभिसरण : पुरुषांतील ताठरता नायट्रिक ऑक्साइडमुळे रक्तवाहिन्या सैलावण्यावर अवलंबून असते. रक्ताभिसरणातील या वायूच्या कार्याच्या शोधास १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पालेभाज्या व बीट यांतील नायट्रेट आणि शेंगदाण्यातील आर्जिनिन यांपासून शरीर हा वायू तयार करू शकते. याउलट तंबाखू व अनियंत्रित मधुमेह रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवितात.

लोह : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यातून येणाऱ्या थकव्यामुळे कामेच्छाही मंदावू शकते. डाळी व पालेभाज्यांवर लिंबू पिळल्यास लोहाचे शोषण वाढते.

समारोप : आहार उणीव भरून काढतो; तो चमत्कार करीत नाही. उणीव नसताना अधिक जस्त घेतल्याने शक्ती वाढत नाही. ताठरतेची तक्रार कधी हृदयविकाराची पूर्वसूचनाही असते. म्हणून वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत सिल्डेनाफिलची छुपी भेसळ आढळली आहे. हृदयरुग्णांना दिल्या जाणाऱ्या नायट्रेट औषधांसोबत ते घेतल्यास रक्तदाब घातक पातळीपर्यंत उतरू शकतो. ही माहिती वर्गात निःसंकोचपणे मिळाली, तर तरुण जाहिरातीआधी डॉक्टरांकडे वळतील.