ढवळणं समजून घेताना (भाग ७) : शेवटचा गुलाबी खांब

गेल्या आठवड्यात रेनॉल्ड्स अंक आपण कागदावर काढला. आज तो टाकीत पाहू.

३० सेंटिमीटर व्यासाची पारदर्शक टाकी घ्या आणि तितक्याच उंचीपर्यंत पाणी भरा. हे पाणी साधारण २१ लिटर होतं. मधल्या दांड्यावर १० सेंटिमीटरचा रश्टन टर्बाइन बसवा, म्हणजे एक सपाट चकती आणि तिच्या कडेला सहा उभी पाती. पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा आणि फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले की टाकी गर्द गुलाबी होते. मोटर मिनिटाला ३०० फेऱ्यांवर लावायची, सोड्याला पुरून थोडं उरेल इतकं विरल आम्ल एकदम ओतायचं आणि स्टॉपवॉच सुरू करायचं. आम्ल अगदी मोजून तेवढंच घेतलं, तर शेवटचा रंग जाता जात नाही आणि मोजलेल्या वेळेला अर्थ उरत नाही.

हा प्रयोग आधी बॅफल, म्हणजे टाकीच्या भिंतीवरच्या उभ्या पट्ट्या, न लावता करावा, असा माझा आग्रह असतो. पाणी गरगर फिरतं, मध्ये भोवरा पडतो आणि मुलांना वाटतं, काय जोरात ढवळलं जातंय! पण दांड्याभोवती गुलाबी खांब तसाच उभा असतो. तिथलं सगळं पाणी एका चालीनं फिरतंय, एक थर दुसऱ्यात शिरतच नाही. आता टाकीच्या भिंतीला चार उभ्या पट्ट्या लावा, प्रत्येकीची रुंदी व्यासाच्या एक दशांश. वेग तोच ठेवा. भोवरा मोडतो, पाणी वर-खाली वळू लागतं आणि पाच-सहा सेकंदांत रंग गेलेला असतो. मोटरवरचा भार मात्र वाढतो. फिरणं आणि मिसळणं यांतला फरक मुलांना तिथे डोळ्यांनी दिसतो.

म्हणून जर्नलमध्ये वेळेच्या आधी एक गोष्ट लिहायला लावावी : रंग सगळ्यात शेवटी कुठून गेला? वेळ घड्याळही सांगतं, जागा मात्र बघणाऱ्यालाच टिपावी लागते.

आता बॅफल ठेवूनच वेग निम्मा करा, मिनिटाला १५० फेऱ्या. वेळ दुप्पट, अकरा सेकंदांच्या आसपास. फेऱ्या मोजल्या तर दोन्ही वेळा सत्तावीसच्या जवळपास भरतात. प्रवाह खळाळता असेपर्यंत टाकीला लागणाऱ्या फेऱ्या जवळपास ठरलेल्या असतात. शक्ती मात्र वेगाच्या घनानुसार बदलते. ३०० फेऱ्यांना सुमारे सहा वॉट लागतात, १५० ला एक वॉटही लागत नाही.

मग छोट्या टाकीत पाण्याऐवजी ग्लिसरिन घ्या आणि वेग इतका कमी ठेवा की रेनॉल्ड्स अंक वीसच्या आसपास राहील. इथे खळाळ नाहीच. थोड्या वेळानं पात्यांच्या वर एक आणि खाली एक अशी रंगाची दोन कडी उरतात, मेदूवड्याच्या आकाराची. मोटर कितीही वेळ चालू ठेवा, ती हटता हटत नाहीत. त्या कड्यांतला द्रव आपल्याच वाटेवर पुन्हा पुन्हा फिरत राहतो. अशा वेळी वेग थोड्या थोड्या वेळानं कमी-जास्त करून पाहा. वाटा सरकतात आणि कडी फुटू लागतात.

इथे मला दर वेळी ताकाची रवी आठवते. दोरीची दोन टोकं आळीपाळीनं ओढली की रवी उलटसुलट फिरते. दही एका दिशेनं फिरायला लागतं न लागतं तोच दिशा बदलते, आणि भोवऱ्याला जमायला सवडच मिळत नाही. डेऱ्यात बॅफल नसतात, पण त्यांचं काम ती दोरी करते.

आता कारखान्याकडे वळू. टाकीची सगळी मापं दहापट करा. २१ लिटरचे २१,००० लिटर झाले. मिसळण्याची वेळ तीच हवी असेल, तर वेगही तोच हवा. शक्ती मात्र पात्याच्या व्यासाच्या पाचव्या घातानं वाढते, म्हणजे एक लाख पट. सहा वॉटचे झाले सहाशे किलोवॉट! एवढी मोटर त्या टाकीवर कुणी बसवणार नाही. दर लिटरमागची शक्ती प्रयोगशाळेतल्याइतकीच ठेवली, तर सहा किलोवॉटमध्ये भागतं, पण वेळ साडेचार पटीनं वाढून पंचवीस सेकंदांवर जातो. रासायनिक क्रिया त्याहून झपाट्यानं होणारी असेल, तर आम्ल पडतं तिथे ती आधीच उरकून जाते आणि नको ते पदार्थ तयार होतात. ते नेमके किती तयार झाले, हे मोजायचा प्रयोग पुढच्या आठवड्यात.